ओळ चौदा

३ मार्च, मंगळवार

आज दादाचा सहावा निरोप आला आणि माझं डोकं फिरलं. फिरलं ते बरंच झालं, कारण फिरता फिरता त्यातून एक कल्पना बाहेर पडली. इतकी चांगली कल्पना मला गेल्या दोन वर्षांत सुचली नव्हती, म्हणून ही डायरी पुन्हा उघडली. पहिल्या पानावर जानेवारीतला व्यायामाचा संकल्प आहे. तो वाचायचा नाही असं ठरवलंय.

प्रकरण असं आहे. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, जन्मभर भाजीच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारायचा. टोमॅटोच्या क्रेटवर उभं राहून तो "एक वार!" म्हणाला की बाजाराच्या दुसऱ्या टोकाचा हमाल मान वर करायचा. गेल्या वर्षी घशाचा कर्करोग निघाला, स्वरयंत्र काढावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला. अशाच आवाज गेलेल्या लोकांचा इंटरनेटवर एक फोरम आहे. एकाने विषय काढायचा, बाकीच्यांनी खाली लिहीत बसायचं, असा गप्पांचा अड्डा. नाव "गळेपडू". स्वतःच्या फोरमला असं नाव ठेवणाऱ्या माणसांना कोण हरवणार? दादा तिथला ॲडमिन झाला आणि मी त्या फोरमसाठी एक प्लगइन लिहिलं. प्लगइन म्हणजे चालत्या यंत्राला जोडायचा जास्तीचा भाग. माझ्या भागाचं नाव "दवंडी". नवीन माणूस आला की स्वागत, विषय बंद होताना सूचना, कोणी महिनाभर फिरकलं नाही तर दर सोमवारी विचारणा, असले सगळे निरोप दवंडी आपोआप पाठवते.

ते निरोप मी लिहिलेत, आणि तिथेच माशी शिंकली. दादाला त्यातला एकही पसंत नाही. निरोपांच्या यादीतली काल ओळ नऊ, आज सकाळी ओळ तीन, आणि आत्ता ओळ चौदा. "आपण दीर्घकाळ सक्रिय नसल्याने आपले खाते स्थगित होऊ शकते." त्याखाली दादाचा शेरा: "हा निरोप आहे की जप्तीची नोटीस?" प्रत्येक वेळी मी कोडमध्ये शिरायचं, वाक्य शोधायचं, बदलायचं, नवी आवृत्ती चढवायची. एका शब्दापायी अर्धा दिवस जातो. वर हा लिहिणार, "बदललंस खरं, पण आधीचं बरं होतं."

तर कल्पना अशी की वाक्यं कोडमध्ये कोंडायचीच कशाला? ॲडमिनच्या डॅशबोर्डवर एक पान द्यायचं. सगळी वाक्यं रांगेत, प्रत्येकासमोर चौकट, खाली "जतन करा" असं बटण. घे बाबा, लिही हवं ते आणि मला सोड!

आणि हे एकट्या दादापुरतं नाही. कुठल्याही फोरमचा ॲडमिन आपल्या लोकांशी आपल्या भाषेत बोलू शकेल. मी उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. नवरा गणिताचा मास्तर आहे, पेपर तपासत होता. म्हणाला, "काय झालं? पाल दिसली?"

५ मार्च, गुरुवार

वहिनी दुपारी येऊन गेली. वहिनी हसत आली की समजावं काहीतरी बिनसलंय.

दादाला डॉक्टरांनी गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र दिलंय. बटण दाबून गळ्याशी धरायचं, ओठ हलवायचे, की शब्द उमटतात. आवाज पत्र्याच्या डब्यात माशी अडकल्यासारखा येतो, पण येतो. दादाने ते दवाखान्यात एकदा ऐकलं आणि घरी आल्या आल्या ड्रॉवरमध्ये टाकलं, पक्कड आणि सेलोटेपच्या शेजारी. "ज्या आवाजाने मी कांदा विकला, त्याच्या जागी हे?" असं पाटीवर लिहून दाखवलं म्हणे.

"स्पीच थेरपिस्ट बाई काल स्पष्टच म्हणाल्या," वहिनी सांगत होती, "अजून काही महिने असेच गेले तर मग नाही बोलणार. गळ्याचं काही नाही, बोलायची ओढच सुटते म्हणाल्या. पाटीवर लिहिणंसुद्धा कमी केलंय गं त्यांनी. माझ्याशी मान हलवतात, झालं. तुला काहीतरी लिहीत असतात तेवढंच."

"लिहितो कसला, छळतो!" मी म्हटलं आणि तिला माझी कल्पना सांगितली. दादा स्वतः सगळं बदलेल, कुणावर अवलंबून राहणार नाही, त्याला हुरूप येईल. औषध म्हणतात ते हेच.

वहिनी कपातल्या चहाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "वन्सं, तू हुशार आहेस." तिला पटलेलं दिसतंय.

९ मार्च, सोमवार

चार दिवस जमिनीवर पाय नाहीत. सगळी वाक्यं कोडमधून उपटून एका जागी आणली. ज्या वाक्यात माणसाचं नाव यायला हवं, तिथे महिरपी कंसात "नाव" असं लिहायचं. निरोप जाताना कंसाच्या जागी ज्याचं त्याचं खरं नाव बसतं. चौकटीखाली नमुना दिसतो, म्हणजे जतन करायच्या आधीच कळतं की निरोप कसा दिसेल. नमुन्यासाठी एक नाव हवं होतं. मी माझंच टाकलं, "चिंगी". या नावाने आता मला एक दादा आणि दुसरी वहिनी, ती पण चिडली तरच, हाक मारते.

नवऱ्याला पान दाखवलं. त्याने एका चौकटीत "जेवायला काय आहे?" असं लिहून जतन केलं. चाललं! तोही निरोप बरोबर गेला. जेवायला काही नव्हतं.

१४ मार्च, शनिवार

आज दादाच्या हवाली केलं.

त्याच्या खोलीत खिडकीला लागून टेबल आहे आणि टेबलाशेजारी माझं स्टूल. बाजारातलंच जुनं स्टूल, एक पाय आखूड, त्याखाली पुठ्ठ्याची घडी. रविवारी मी त्यावर बसून दादाचे शेरे ऐकते, म्हणजे वाचते. आज शनिवारीच गेले, धीरच धरवत नव्हता.

पान उघडून दिलं. दादाने चष्मा पुसला, गळ्यावरचा रुमाल सारखा केला आणि ओळ एक धरली. "आपले नोंदणीबद्दल अभिनंदन" खोडून त्याने लिहिलं, "या, बसा. इथे कुणालाच ओरडता येत नाही, त्यामुळे भांडणं फार छान होतात." जतन. फोरमवर ते वाक्य लगेच झळकलं. दादाने माझ्याकडे बघितलं, पुन्हा पडद्याकडे बघितलं आणि बोटांच्या सांध्यांनी टेबलावर तीन टकटक केल्या. सौदा पक्का झाल्यावर करायचा तशा! गेल्या वर्षभरात ऐकल्या नव्हत्या. मला एकदम बाजाराच्या ओल्या फरशीचा वास आला.

मग गडी सुटलाच. ओळ दोन, ओळ तीन, ओळ सात. वहिनी दारातून डोकावून गेली.

तासाभराने मी उठले. अजून प्लगइनच्या दुकानाचा अर्ज भरायचा होता. फोरमचं मूळ सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचं असं एक दुकान असतं, त्यात आपलं प्लगइन लागलं की जगभरचे ॲडमिन ते घेऊ शकतात. दादाने स्टुलावर हात थोपटून बस म्हटलं. मी म्हटलं, "आता बसून काय करू? तुझं तुला येतंय सगळं. सुटलास तू माझ्या तावडीतून, आणि मी तुझ्या!"

तो हसला नाही. बहुतेक दमला असावा.

१६ मार्च, सोमवार

अरे देवा.

सकाळी दवंडीने नेहमीप्रमाणे महिनाभर न फिरकलेल्या सगळ्या सभासदांना ओळ चौदा पाठवली. ती अशी गेली: "चिंगे, कुठे आहेस? तुझ्यावाचून अडलंय. ये बघू."

सगळ्यांना! मिशाळ ट्रकवाल्याला, निवृत्त हेडबाईंना, एका माजी न्यायाधीशांना. न्यायाधीश चिंगी!

दादाला फोन करून उपयोग नाही, म्हणून लिहून विचारलं. उत्तर आलं: "खाली चिंगी दिसत होतं आणि वर कंस. मला वाटलं तुझ्या यंत्राचं काहीतरी हुकलंय. म्हणून कंस काढला आणि नीट केलं." नीट केलं म्हणे! नमुना दिसावा म्हणून मी माझं नाव टाकलं, आणि दादाला वाटलं की निरोप मलाच जाणार आहे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

फोरम उघडायची हिंमत होईना. शेवटी एक डोळा मिटून उघडला. पहिलंच ट्रकवाल्याचं उत्तर: "बायको गेल्यापासून मला कुणी इतक्या प्रेमाने हाक मारली नव्हती. चिंगी हजर आहे." त्याखाली हेडबाई: "मी बेचाळीस वर्षं हजेरी घेतली. आज पहिल्यांदा दिली. चिंगी उपस्थित." न्यायाधीशांनी लिहिलं, "निरोप चुकीच्या व्यक्तीस बजावण्यात आला आहे, तथापि मी आलो आहे."

संध्याकाळपर्यंत रांग लागली. ज्यांची खाती मेली असं मी धरून चालले होते, ती माणसं आत येऊन एकमेकांना चिंगी म्हणत होती. मी खुर्चीत बसून मोठ्याने हसत होते. नवरा म्हणाला, "चुकून बरोबर आलं की त्याला आमच्याकडे अर्धेच गुण देतात."

२० मार्च, शुक्रवार

तरी कुंपण घालणं भाग होतं. आता ज्या ओळीत नाव लागतं, तिथला कंस काढला तर पान जतनच करत नाही. लाल अक्षरात म्हणतं, "नावाची जागा राहू द्या." दगडावरची रेघ! शिवाय आणखी एक अट घातली: ॲडमिनना आणि मला सोमवारची विचारणा जायची नाही. माझंच यंत्र मला "कुठे आहेस" विचारायला लागलं तर ते कसं दिसेल?

जाता जाता ओळ चौदा मीच दुरुस्त केली, म्हणजे पुन्हा घोटाळा नको. महिरपी कंस, मग "आपली जागा राखीव आहे. कृपया पुन्हा भेट द्यावी." नम्र आणि सुटसुटीत.

दुकानाच्या परीक्षकांचं पत्र आलं. त्यांनी चिंगीचा किस्सा कुठूनतरी ऐकलाय. म्हणतात, हीच तर खरी चाचणी. सगळ्या सुधारणा करून पाठवा, आम्ही उत्सुक आहोत. उत्सुक! मी ते पत्र तीनदा वाचलं आणि शेजारणीला विनाकारण बिस्किटांचा पुडा देऊन आले.

२८ मार्च, शनिवार

दादाने कमाल केलीय. वाद फार लांबला की ॲडमिन विषय बंद करतात, त्याआधी दवंडी एक सूचना तासातासाने तीनदा देते. माझी सूचना होती, "हा विषय लवकरच बंद होईल." दादाने तिचे तीन तुकडे केले. आधी "एक वार. कुणाला काही बोलायचं असेल तर बोला." तासाभराने "दोन वार. मागून म्हणू नका की सांगितलं नाही." आणि शेवटी "तीन वार. माल गेला!"

लोक वेडे झालेत. विषय बंद होणार म्हटलं की धावत येतात, शेवटच्या क्षणी एक वाक्य टाकून पळतात, जिंकल्याचा आनंद मानतात. हेडबाईंनी काल "दोन वार" नंतर अर्ध्या मिनिटात ट्रकवाल्याला असं सुनावलं की तो अजून उत्तर शोधतोय. वाचताना मला दादाचा आवाज ऐकू येतो. खरंच येतो, तो मधला श्वास, "दोन"वरचा हेल, सगळं.

जवळजवळ प्रत्येक ओळ त्याने बदललीय. ओळ चौदा तेवढी जशीच्या तशी ठेवलीय. म्हणजे शेवटी माझीही एक ओळ साहेबांना पसंत पडली. जिंकले!

आणि या आठवड्यात मला एकही शेरा नाही. सुंठेवाचून खोकला गेला. काय शांत वाटतंय!

२ एप्रिल, गुरुवार

बुद्धिबळवाल्यांच्या फोरमला दवंडी हवीय. बागकामवाल्यांना हवीय. जुळ्यांच्या आयांचा एक फोरम आहे, त्यांना तर कालच हवी होती. परीक्षकांनी सुधारणांची यादी पाठवलीय. हातात दहा बोटंच का दिली कोण जाणे.

गेल्या रविवारी दादाकडे जाणं झालं नाही. येत्या रविवारीही कठीण दिसतंय. पण आता तसं काम काही अडत नाही माझ्यावाचून, हे त्यातल्या त्यात बरं.

११ एप्रिल, शनिवार

वहिनीचा फोन. आवाज उतरलेला.

"पाटी उचलून कपाटावर ठेवलीय. मला खूण करतात, तीही नीट करत नाहीत. खोलीचं दार लावून बसतात."

मी म्हटलं, "अगं, फोरमवर तर तो गाजतोय! परवा दिवसभर लिहीत होता."

"तिथे ॲडमिन लिहितो वन्सं. घरात माझा नवरा राहतो, त्याचं सांगतेय मी."

मी म्हटलं, काम आटोपलं की येते. मग तिला जरा हसवावं म्हणून विचारलं की दार लावून करतो तरी काय? तर म्हणे दाढी करतो. रोज सकाळ-संध्याकाळ आतून विजेच्या दाढीयंत्राची घरघर ऐकू येते, बराच वेळ, थांबून थांबून. आणि बाहेर आल्यावर गाल बघावेत तर खुंट तसेच! "डोक्यावर परिणाम झाला की काय गं?" असं विचारून ती रडायलाच लागली.

मी तिला समजावलं. यंत्र जुनं आहे, पातं गेलं असणार. दादाला एक चांगलं दाढीयंत्र आणून द्यायचं, लिहून ठेवते.

१९ एप्रिल, रविवार

सकाळपासून मेलपेटी चारदा उघडली. परीक्षकांचं काही नाही. खरं सांगायचं तर चारपैकी दोनदा मी परीक्षकांचं नाव शोधत नव्हते. "ओळ अमुक" असं काही आलंय का, ते बघत होते. वाईट खोडी लवकर सुटत नाहीत.

दादाला लिहिलं, "सगळं ठीक ना? काही बदलायचंय का?" उत्तर: "ठीक." एवढंच. पूर्वी हा माणूस स्वल्पविरामावर पान भरायचा. स्वतःचं स्वतः करता यायला लागलं की माणसं अशी कोरडी होतात का? मी जरा फुगूनच बसले. नवऱ्याने विचारलं, "आज जायचं होतं ना तुला दादाकडे?" मी म्हटलं, त्याला कुठे गरज आहे माझी!

३० एप्रिल, गुरुवार

लागलं! लागलं! लागलं!

दवंडी दुकानात लागली! पहिल्या पानावर! खाली वर्णन: "फोरमची भाषा आता ॲडमिनच्या हातात." सकाळी ते वाक्य बघितलं आणि मी गाणं म्हटलं, जे मी सहसा करत नाही आणि करू नये असं घरच्यांचं मत आहे. नवऱ्याने वर्गात मुलांना सांगितलं. शेजारीण बिस्किटांचा पुडा परत घेऊन आली, मोठा.

चिंग्यांनी फोरमवर धमाल उडवली. ट्रकवाल्याने लिहिलं की आता माझी मूळ चिंगीशी ओळख करून द्या. दादाने टाळ्यांचं चित्र पाठवलं. नुसतं चित्र! ज्याला माझ्या "आपले" आणि "तुमचे" यांवरून झोप येत नसे, त्याला आज दोन शब्द सुचू नयेत? इतक्या आनंदाच्या दिवशी मी त्या चित्राकडे बघत किती वेळ बसले. त्याच्याशिवाय हे झालंच नसतं. हे त्याला जाऊन सांगायला हवं. पुढच्या आठवड्यात नक्की.

१२ मे, मंगळवार

पुढचा आठवडाही गेला. आज दुपारी बागकामवाल्यांच्या तक्रारी निस्तरत होते, तेवढ्यात "गळेपडू ॲडमिन" या खात्यावरून निरोप आला. दवंडीचे सगळे निरोप याच खात्यावरून जातात.

"चिंगे, तुझ्या वाटचं स्टूल लिलावात काढलंय. एक वार. दोन वार."

पहिला विचार: कुंपण तुटलं! महिरपी कंस पुन्हा कुणीतरी उडवला, आणि आता तर दवंडी जगभर पसरलेली! जुळ्यांच्या सगळ्या आयांना चिंगी म्हणून हाका गेल्या असतील! कामं बाजूला सारली आणि चूक शोधायला बसले.

आधी कुंपण तपासलं. शाबूत. कंस काढून बघितला, पान लाल झालं, जतन केलं नाही. मग "गळेपडू"ची ओळ चौदा उघडली. कंस जागच्या जागी, आणि पुढे माझंच ते "आपली जागा राखीव आहे. कृपया पुन्हा भेट द्यावी." स्टूल नाही, लिलाव नाही, काही नाही. मग वेळापत्रक बघितलं. विचारणा सोमवारी जाते, आज मंगळवार. काल ती वेळेवर गेलीय, ज्यांना जायची त्यांना. मी स्वतःशीच बडबडत होते की सोमवारचं यंत्र मंगळवारी चाललं कसं? दुसऱ्या कुणाला निरोप गेलाय का बघितलं. कुणालाच नाही. फक्त मला.

मला कसा जाईल? मला जायचाच नाही, तशी अट आहे. मीच घातली होती ती.

मी ती अट पुन्हा वाचली. मग निरोप पुन्हा वाचला. स्टूल. दवंडीला स्टूल कुठून माहीत असणार?

यंत्राने पाठवलेलाच नव्हता तो. काखेत कळसा आणि मी अख्खं गाव पालथं घालत होते. रविवार किती गेले, आता मोजवत नाहीत. नवऱ्याला सांगितलं, मी निघाले. कुठे, हे त्याने विचारलं नाही, चपला तेवढ्या पुढे सरकवल्या. तिसरा वार व्हायच्या आत पोचायला हवं.

१३ मे, बुधवार

काल दार दादानेच उघडलं. वाळलाय जरा. खुंट वाढलेले. मी काही बोलायच्या आत वळला आणि खोलीकडे चालू लागला. मी मागून. स्टूल जागेवरच होतं, आखूड पायाखाली पुठ्ठ्याची नवी घडी घातलेली. मी बसले. स्टूल डगमगलं नाही.

दादा खुर्चीत टेकला, ड्रॉवर उघडला आणि ते यंत्र काढलं. गळ्यावरचा रुमाल सरकवला, यंत्र गळ्याशी धरलं, जागा थोडी हलवली, सवयीच्या हाताने. आणि घरघर सुरू झाली. दाढीयंत्राची घरघर! वहिनी स्वयंपाकघरातून हातातली पळी तशीच घेऊन धावत आली आणि दाराशी थबकली.

"ओळ," दादा म्हणाला. थांबला. श्वास घेतला. "चौदा."

पत्र्याचा आवाज. सपाट, कोरडा, पण शब्द लख्ख. आणि दोन शब्दांच्या मधला तो श्वास दादाचाच, बाजारातला. वहिनी दाराला टेकून खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडत रडत हसायला लागली. "दाढी नव्हती गं, वन्सं, दाढी नव्हती!"

मी कशीबशी म्हणाले, "काय झालं ओळ चौदाला?"

"अजून... नोटीसच... वाटते."

"मग बदलायची ना! दोन महिने झाले दादा, सगळ्या ओळी बदलल्यास तू. बटण आहे. तूच तर आधी वापरलंस."

"माहितीये," दादा म्हणाला. यंत्र त्याने गळ्यापासून काढलं, हात दुखला असावा. मनगट झटकलं, पुन्हा धरलं. "ती... ठेवली होती. तू... बदल."

मला काहीच दिसेना. चष्मा काढून पुसला तरी दिसेना. टेबलावर टकटक झाली. एक. दोन. आणि तो माझ्याकडे बघत थांबला.

मी कीबोर्ड पुढे ओढला, डोळे बाहीला पुसले आणि म्हटलं, "सांग."